एन्ट्री आहे, व्हाउचर कुठाय?

फोन दुरुस्तीला गेला नसता तर मी कोड्यांच्या वाटेला गेलेच नसते. जून २०२२. पावसाचं पाणी फोनच्या चार्जिंगच्या भोकात शिरलं, दुकानदार म्हणाला आठ दिवस तरी लागतील, आणि अंबरनाथ ते सीएसएमटी हा लोकलमधला रोजचा सव्वा-दीड तास एकदम रिकामा पडला. मालिका नाही, गाणी नाही. पहिला दिवस समोरच्या बाईच्या चपला बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी निघताना पेपरची पुरवणी उचलली, तर ती उल्हासनगर यायच्या आत वाचून संपली. उरलं काय, तर शेवटच्या पानावरचं सुडोकू. नऊ बाय नऊचा चौकोन, आणि कुठल्याही ओळीत, स्तंभात किंवा तीन बाय तीनच्या गाळ्यात १ ते ९ पैकी एकही आकडा दोनदा नको.

माझं गणित कच्चं. दहावीला बीजगणितात काठावर पास. आज विमा कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसते ती कॉम्प्युटरच्या भरवशावर. त्यामुळे आकड्यांचा चौकोन दिसला की मी पान उलटायचे. त्या दिवशी उलटायला पानच नव्हतं. पर्समधून बॉलपेन काढलं आणि भरायला घेतलं. इथे ७ चालेल असं वाटतंय, टाक ७. तिथे २ दिसत नाही, टाक २. ठाण्यापर्यंत अर्धा चौकोन भरला, दादरला फक्त दहाबारा घरं राहिली, आणि मशीद बंदरला कळलं की शेवटच्या ओळीत दोन ७ आलेत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, फक्त ७ च्या जागी ४. पेपरवाल्यांनीच चुकीचं छापलंय अशी माझी जवळजवळ खात्री पटली होती.

चौथ्या दिवशी खिडकीतल्या काकूंनी चष्म्यावरून माझ्या कागदाकडे पाहिलं. त्यांची माझी ओळख ‘कुठे उतरणार?’ एवढीच.

‘हा ७ कशावरून?’

‘बसतोय ना तिथे.’

‘बसतोय काय! तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर आपणही बसतोच की. ती सीट असते का?’

डब्यात हसू फुटलं. काकू सरकारी लेखापरीक्षण खात्यात, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घरात आकडा लिहिला म्हणजे एन्ट्री केली. एन्ट्री आहे तर व्हाउचर कुठाय? ‘मला वाटतं’ हे व्हाउचर होत नाही. इथे दुसरा कुठलाच आकडा येऊ शकत नाही हे दाखवता आलं तर ते व्हाउचर. नसेल दाखवता येत तर घर रिकामं ठेवायचं. रिकाम्या घरावर ऑडिट लागत नाही.

मग त्यांनी विजेच्या बिलाच्या मागे चार बाय चारचा एक बारका चौकोन काढला. आत दोन बाय दोनचे चार गाळे, आकडे फक्त १ ते ४. मला जरा अपमान वाटला. हे तर पहिलीतल्या पोराचं. पण खरं सांगायचं तर सगळी विद्या त्या बिलाच्या मागेच होती. वरच्या ओळीत पहिल्या घरात १, चौथ्यात ४, मधली दोन रिकामी. राहिले २ आणि ३. कोण कुठे? मी सवयीने म्हणाले, आधी २ मग ३. उत्तर बरोबर होतं, तरी काकूंनी ते खोडलं. ‘कशावरून?’ मी बघत राहिले. त्यांनी पेन्सिल तिसऱ्या स्तंभावरून खाली नेली. अगदी तळाच्या घरात २ होता. म्हणजे त्या स्तंभात वर २ येऊच शकत नाही. म्हणजे वर ३ च. आणि मग उरलेल्या घरात २. एवढंच. पण बरोबर उत्तर खोडलं जातं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

त्यात बेरीज नव्हती, वजाबाकी नव्हती. आकड्यांच्या जागी भाज्या ठेवल्या तरी चालेल, असं काकू म्हणाल्या आणि मी ते त्या रविवारी घरी खरंच करून पाहिलं. बहिणीचा मुलगा आला होता, दुसरीतला. फरशीवर खडूने सोळा घरं आखली. कांदे चार, बटाटे चार, टोमॅटो चार, आणि मिरच्या. कुठल्याही ओळीत, उभ्यात, गाळ्यात एक भाजी दोनदा नको. तो पंधरा मिनिटांत तयार झाला, आणि मग मलाच विचारायला लागला, ‘मावशी, इथे मिरची कशावरून?’ भाजी मात्र त्या दिवशी फारच उशिरा झाली.

पुढचे दोन आठवडे काकूंनी मला नऊ बाय नऊला हात लावू दिला नाही. चारचं झालं की सहाचं, म्हणजे सहा बाय सहा, आत दोन बाय तीनचे गाळे. आणि त्याबरोबर एक वेगळाच प्रकार, ज्याला त्या ‘शून्य-एक’ म्हणायच्या. बायनरी किंवा टाकुझू नावाने तो सापडतो. घरांत फक्त ० किंवा १. सलग तीन सारखे नकोत, प्रत्येक ओळीत आणि स्तंभात दोन्ही समसमान हवेत, आणि दोन ओळी किंवा दोन स्तंभ हुबेहूब सारखे नकोत. नवख्या माणसाला मी आज हाच प्रकार आधी देईन. कारण त्यात व्हाउचर डोळ्यांना दिसतं. दोन शून्यं शेजारीशेजारी आली की दोन्ही टोकांना १ लागलाच पाहिजे. दोन शून्यांच्या मध्ये एक रिकामं घर असेल तर तिथे १. दोन आठवड्यांत हात असा बसला की विठ्ठलवाडीच्या सांध्यावर गाडी हलली तरी पेन्सिल हलायची नाही.

हो, पेन्सिल. बॉलपेन काकूंनी दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावलं होतं.

नऊच्या सुडोकूवर परत आले तेव्हा दोन गोष्टी त्यांनी डब्याच्या भाषेत शिकवल्या आणि त्या मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. पहिली: मी प्रत्येक रिकाम्या घरापाशी थांबून विचार करायचे की इथे कोण येईल? काकू म्हणाल्या, ‘उलट कर. जागेला माणूस शोधू नकोस, माणसाला जागा शोध.’ म्हणजे या गाळ्यात ७ यायचाच आहे, तर तो बसणार कुठे? ही ओळ बंद, त्या ओळीत आधीच ७ आहे. हा स्तंभ बंद. उरली एकच सीट. दुसरी गोष्ट जोडीची. एका ओळीत दोन घरं अशी निघाली की दोन्हींत फक्त २ किंवा ६ येऊ शकतो. कोण कुठे ते कळत नाही. मी म्हटलं, मग उपयोग काय? ‘अगं, दोघींनी मिळून दोन सीट धरल्यात. कोण खिडकीत बसणार ते दोघी बघून घेतील. पण तिसरीने तिथे बघायचंच नाही.’ म्हणजे त्या ओळीतल्या बाकी सगळ्या घरांतून २ आणि ६ उडवायचे. त्यासाठी घराच्या कोपऱ्यात शक्य असलेले आकडे बारीक लिहून ठेवायचे आणि एकेक खोडत जायचे. पहिलं पूर्ण सुडोकू, एकही अंदाज न मारता, मी कुर्ला ते भायखळ्याच्या दरम्यान संपवलं. कुणाला सांगायचं कळेना. शेजारच्या अनोळखी मुलीला दाखवलं. ती ‘छान’ म्हणाली आणि पुन्हा इअरफोन लावला.

फोन दुरुस्त होऊन परत आला होता, पण त्याच्यावर मी सुडोकूचा इतिहास शोधत बसले, मालिका राहिल्याच. मला वाटायचं हे जपानी. तर ते १९७९ मध्ये एका अमेरिकन मासिकात ‘नंबर प्लेस’ नावाने आलं होतं, आणि ते रचणारे हॉवर्ड गार्न्स हे इंडियानातले निवृत्त वास्तुरचनाकार. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनाने ते उचललं आणि माकी काजी यांनी त्याला लांबलचक जपानी नाव दिलं, ज्याचा अर्थ साधारण ‘आकडे सडेच हवेत’ असा. त्याचं आखूड रूप सुडोकू. हे डब्यात सांगितल्यावर ‘सडाफटिंग’ हे आमच्या ग्रुपमध्ये सुडोकूचं नाव पडलं ते पडलंच. नंतर हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेल्या वेन गुल्ड यांनी सुडोकू तयार करणारा प्रोग्राम लिहिला, नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये ते छापून आलं आणि मग जगभर पसरलं. गार्न्स बिचारे १९८९ मध्येच गेले.

मधल्या काळात एक फसगत झाली. प्लॅटफॉर्मबाहेर एकाकडून वीस रुपयांना सुडोकूचं पुस्तक घेतलं. बत्तिसावं कोडं. सगळं भरलं, चार घरं राहिली. दोन ओळी, दोन स्तंभ, दोन गाळ्यांत वाटलेली. चारही घरांत ३ किंवा ८. मी तासभर व्हाउचर शोधलं. सापडेना. सापडणारच नव्हतं, कारण ३-८ आणि ८-३ अशी अदलाबदल केली तरी सगळे नियम पाळले जात होते. काकूंनी पुस्तक हातात घेऊन बघितलं आणि लेखापरीक्षकाच्या थंड आवाजात म्हणाल्या, ‘दोन उत्तरं निघतात. कोडं नाही हे.’ नीट रचलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं, आणि ते दिलेल्या आकड्यांवरूनच निघायला हवं. सतरापेक्षा कमी आकडे दिले तर नऊ बाय नऊचं सुडोकू एकमेव उत्तराचं होऊच शकत नाही, हे २०१२ मध्ये आयर्लंडचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर यांनी कॉम्प्युटरला अक्षरशः दमवून सिद्ध केलं. छापताना आमच्या पुस्तकातला एखादा आकडा गळला असावा. वीस रुपये गेले, पण पुढे अशी चार घरं दिसली की अडखळायला होत नाही.

पावसाळ्यात गाडी तुंबली की बसायला जागा नसते, कागद धरायला तर नाहीच. तेव्हा तोंडी कोडी चालायची. वाघ, शेळी आणि गवताचा भारा आपल्या सगळ्यांना आजीने सांगितलेलं असतं. नावेत एका वेळी एकच, वाघाजवळ शेळी एकटी सोडायची नाही, शेळीजवळ गवत सोडायचं नाही. युरोपात तेच लांडगा, बोकड आणि कोबी होऊन आठव्या शतकातल्या अल्क्विन नावाच्या विद्वानाच्या नावावर असलेल्या लॅटिन संग्रहात आहे. गंमत अशी की उत्तर माहीत असूनही आमच्यातल्या तिघी त्याच जागी अडकल्या: पलीकडे नेलेली शेळी परत आणायची हे मनाला पटत नाही. केलेलं काम उलटं करायला कोण तयार असतं? सात फेऱ्या लागतात, आणि चौथी फेरी शेळीला परत आणण्याची.

त्याहून मजा खऱ्या-खोट्यांच्या बेटाची. तिथे काही माणसं नेहमी खरंच बोलतात, काही नेहमी खोटंच. या प्रकाराला अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन यांनी लोकप्रिय केलं. काकू घाटकोपरच्या गर्दीत वरच्या कडीला लटकून मला म्हणाल्या, ‘समज मी त्या बेटावरची, ही माझी मैत्रीणही तिथलीच. मी म्हणते, आम्ही दोघीही खोटारड्या. बोल, कोण काय?’ मी म्हटलं, सोपं आहे. तुम्ही खरं बोलत असाल तर तुम्ही खोटारड्या ठरता, हे जमत नाही. म्हणजे तुम्ही खोटारड्या. म्हणजे बोललात ते खोटं. म्हणजे दोघीही खऱ्या.

‘मी आत्ताच खोटारडी ठरले होते ना?’

इथे मी घाटकोपरपासून कुर्ल्यापर्यंत अडकले असेन असं वाटेल, पण खरं तर दादर गेलं तरी सुटेना. ‘दोघीही खोटारड्या’ हे खोटं, याचा अर्थ ‘दोघीही खऱ्या’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘निदान एक तरी खरी’ एवढाच. काकू खोटारड्या, म्हणून ती खरी दुसरी. हे समजल्यावर मला ऑफिसातली कितीतरी भांडणं आठवली. ‘सगळ्यांनीच उशीर केला असं नाही’ म्हटलं की समोरचा ‘म्हणजे कुणीच केला नाही का’ म्हणून अंगावर येतो.

जुळवाजुळवीचा प्रकार मला सगळ्यात जवळचा वाटतो. माणसं, वस्तू, जागा यांच्या जोड्या लावायच्या आणि त्यासाठी चौकटीत फुल्या नि बरोबरच्या खुणा करत जायच्या. पाच घरं आणि झेब्रा यांचं १९६२ मध्ये छापून आलेलं इंग्रजी कोडं प्रसिद्ध आहे, पण नवख्याने त्याच्या नादाला लागू नये. मी ग्रुपसाठी स्वतः एक छोटं रचलं, माझं पहिलंच. एक नर्स, एक शिक्षिका, एक बँकवाली. डब्यात पोहे, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी. उतरायचं ठाणे, दादर, भायखळा, याच क्रमाने. प्रत्येकीचा डबा वेगळा, स्टेशन वेगळं. नर्स शिक्षिकेच्या आधी उतरते. शिक्षिका उतरली की तिच्यानंतर थालीपीठवाली उतरते. खिचडीवाली ठाण्याला उतरत नाही.

तीनच वाक्यं, आणि कोण कुठे उतरतं हे एकातही सरळ सांगितलेलं नाही. पण शिक्षिकेच्या आधी कुणीतरी आहे आणि नंतरही कुणीतरी आहे, म्हणजे ती मधली, दादरची. मग नर्स ठाण्याची, बँकवाली भायखळ्याची आणि थालीपीठ तिचं. खिचडी ठाण्याला नाही, म्हणजे ती शिक्षिकेकडे. नर्सला पोहे. हे रचायला मला चार दिवस लागले. पहिल्या खेपेला लिहिलेल्या वाक्यांतून नर्सला पोहेवालीच्या आधी उतरणं भाग होतं आणि पोहेवाली तर पहिल्याच स्टेशनाला उतरत होती. कोडं सोडवण्यापेक्षा रचताना जास्त कळतं. ग्रुपमधल्या खऱ्या नर्सने मात्र आक्षेप घेतला की ती पोहे कधीच आणत नाही.

चित्रकोडी, म्हणजे नोनोग्राम, मला संध्याकाळच्या गाडीत सापडली. चौकोनाच्या कडेला आकडे असतात, त्या ओळीत सलग किती घरं काळी करायची ते सांगणारे. दहा घरांच्या ओळीत ७ लिहिलं असेल तर नवखा माणूस कुठून सुरू करायचं या विचारात पडतो. ती सात घरं अगदी डावीकडे सरकवा, मग अगदी उजवीकडे. दोन्ही वेळा चौथं ते सातवं घर काळंच राहतं. ती चार आत्ताच भरून टाका, बाकीचं नंतर. या प्रकाराच्या मुळाशी जपानच्या नोन इशिदा यांचं नाव येतं. १९८७ मध्ये टोकियोत उंच इमारतीच्या खिडक्यांचे दिवे लावून-विझवून चित्रं काढण्याची स्पर्धा त्यांनी जिंकली होती. हे वाचल्यापासून रात्री परतताना टॉवरच्या उजेडातल्या खिडक्या मी मोजते. तिसाव्या मजल्यावर सलग पाच, मग एक अंधारी, मग दोन. चित्र कधी होत नाही.

काकुरो, म्हणजे घरांत १ ते ९ आकडे भरून दिलेल्या बेरजा जुळवायचं कोडं. त्याबद्दल फार लिहीत नाही, ते हिशेबवाल्यांचं व्यसन आहे. एका बेरजेत आकडा परत येत नाही, म्हणून दोन घरांची बेरीज १७ म्हणजे ८ आणि ९, १६ म्हणजे ७ आणि ९. या दोन बेरजा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ९, दुसरं काही नाही. तिथे बेरीज येते खरी, पण ती बाजारातली.

एक जुनी गाठही सुटली. ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा विंडोजमध्ये माइनस्वीपर असायचा. मी वर्षानुवर्षं जेवणाच्या सुट्टीत तो नशिबाचा खेळ म्हणून खेळले. क्लिक करायचं आणि फुटला की नवा डाव. घरातला आकडा म्हणजे आजूबाजूच्या आठ घरांत मिळून किती सुरुंग आहेत ते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. परवा परत खेळून बघितला. कधीकधी शेवटच्या दोन घरांत खरोखरच अंदाज मारावा लागतो. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘म्हणूनच आमच्या खात्यात तो काढून टाकला होता.’ ते खरं की बेटावरचं, कळलं नाही.

काकू गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आता त्या डोंबिवलीत नातीला घेऊन बसतात आणि मला व्हॉट्सॅपवर स्लिदरलिंक पाठवतात. ठिपक्यांच्या मधल्या आकड्याभोवती तितक्याच रेघा ओढायच्या आणि सगळ्यांची मिळून एकच बंद वेटोळी व्हायला हवी. कोपऱ्यातल्या ३ ला बाहेरच्या दोन्ही रेघा लागतातच, शून्याच्या शेजारी ३ आला तर त्याच्या उरलेल्या तिन्ही बाजू लागतात, एवढं आलंय. पण वेटोळी माझी दर वेळी मध्येच बंद होते आणि बाहेर दोन-तीन आकडे उघड्यावर राहतात. मंगळवारपासून एक प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलंय. उजवीकडची बाजू पक्की झाली आहे, डावीकडे खाली दोन ३ तिरके लागून आहेत आणि तिथे काहीतरी आहे हे दिसतंय. उद्या खिडकी मिळाली तर बघते.